कोरे पानही जोडावे

१८ फेब्रुवारी २००९ रोजी ॲरिझोनातल्या मेसा शहरात, एका हायस्कुलात, बराक ओबामांनी जप्तीपासून घरं वाचवण्याची योजना जाहीर केली. तीस ते चाळीस लाख कुटुंबांची कर्जं नव्याने बांधून द्यायची होती. या ‘हॅम्प’ योजनेचा हिशेब सरळ होता: व्याज अगदी दोन टक्क्यांपर्यंत उतरवा, मुदत चाळीस वर्षांपर्यंत ताणा, पण हप्ता मासिक उत्पन्नाच्या ३१ टक्क्यांवर आणा. अर्जाला फी नाही. वकील नको, एजंट नको. घरमालकाने फक्त कागद जोडायचे.

फक्त!

आपल्याकडे तलाठ्याची उगाच बदनामी झाली आहे. तलाठी निदान कधीतरी जागेवर सापडतो. अमेरिकन कर्जदाराची गाठ पडली ती बँकेच्या फॅक्स मशीनशी आणि दर वेळी फोनवर येणाऱ्या नव्या आवाजाशी. पगाराच्या ताज्या पावत्या, बँकेची स्टेटमेंट, टॅक्स रिटर्न आणि रिटर्नची नक्कल परस्पर मागवायला परवानगी देणारा ‘४५०६-टी’ फॉर्म, एवढं पाठवायचं. स्टेटमेंटची सगळी पानं हवीत. शेवटचं पान कोरं असेल, तर तेही हवं. ते राहिलं की अर्ज ‘अपूर्ण’. शिवाय हे कागद दुधासारखे नासायचे. फेब्रुवारीत पाठवलेली पगारपावती मे महिन्यात फाईल उघडेपर्यंत जुनी झालेली असायची. ताजी पाठवावी, तर तोवर स्टेटमेंट जुनं व्हायचं. फाईल तिकडे पडून असायची, पण मुदत मात्र इकडच्या कागदांची संपायची.

मग अडचणीचं पत्र. आपली रडकथा शक्यतो एका पानात बसवायची, आणि मोजूनमापून रडायचं. कमी रडलं तर ‘चालू हप्ता झेपतोय की’, जास्त रडलं तर ‘कमी केलेलाही झेपणार नाही’. कंबरडं मोडलेलं असावं, पण माणूस उभा दिसावा. पत्र जमलं तरी पुढे संगणकाचं गणित असायचं: हप्ता कमी करण्यात कर्जात पैसे लावणाऱ्याचा फायदा जास्त, की घर जप्त करून विकण्यात? या गणितात पत्रातल्या आजारपणाला रकाना नव्हता.

पास झालात तर तीन महिने चाचणीचा हप्ता. अनेकांनी तो इमानेइतबारे भरला, तीन महिने उलटले तरी भरतच राहिले, आणि शेवटी नकार आला. त्यासोबत आधीच्या हप्त्यातला फरक, दंडासकट.

हे एकट्याने झेपेना म्हणून लोक ‘तज्ज्ञां’कडे वळले. तिथे भामट्यांची अशी जत्रा भरली की फेडरल ट्रेड कमिशनने ३१ जानेवारी २०११ पासून काम होण्याआधी फी घ्यायलाच बंदी केली. (वकिलांना काही अटींवर सूट. त्यांना कुठे नसते?) बंदी रास्तच होती. सरकारमान्य गृहसल्लागार फुकट मदत करायचे आणि ती खरोखर कामाची असायची. पण घाबरलेल्या माणसाला फुकटाचा भरवसा वाटत नाही.

टेबलापलीकडची कथा २०१३ साली मॅसॅच्युसेट्सच्या फेडरल कोर्टात पोचली. बँक ऑफ अमेरिकाच्या माजी कर्मचाऱ्यांची शपथपत्रं दाखल झाली. महिन्याला दहा किंवा जास्त खाती जप्तीकडे ढकलणाऱ्याला ५०० डॉलर बोनस मिळे, शिवाय दुकानांची गिफ्ट कार्डं, असा त्यातला आरोप होता. बँकेने तो फेटाळला. २०१५ साली योजनेच्या सरकारी तपासनिसांनी हिशेब मांडला, तेव्हा सुमारे चाळीस लाख अर्ज, म्हणजे ७२ टक्के, नाकारले गेल्याचं निघालं. ओबामांचा आकडा गाठला गेला म्हणायचा, फक्त रकाना चुकला.

सगळ्यात सुबक नकार वेल्स फार्गोचा. ऑगस्ट २०१८ मध्ये बँकेने कबूल केलं की वकिलांच्या फीची आकडेमोड सॉफ्टवेअरमध्ये चुकल्यामुळे ६२५ पात्र कर्जदारांना नकार गेला, किंवा सवलत दिलीच गेली नाही, आणि त्यातल्या सुमारे ४०० जणांची घरं गेली. भरपाईसाठी ८० लाख डॉलर बाजूला काढले, म्हणजे माणशी सरासरी १२,८०० डॉलर. नोव्हेंबरात पुन्हा मोजलं तर आकडे ८७० आणि ५४५ निघाले. एकाही कर्जदाराने कोरं पान विसरल्याचा इथे प्रश्न नव्हता. पुन्हा अर्ज करा म्हणावं, तर ‘हॅम्प’ची खिडकी २०१६ च्या डिसेंबरातच बंद झाली होती.