असू दे!

आमच्या अण्णांचा सगळा संसार दोन शब्दांवर उभा आहे : "असू दे." बंद पडलेला पंखा, एका काडीचा चष्मा, १९९४ चं लाइट बिल, काहीही टाकायला काढलं की हे दोन शब्द आडवे येतात. प्रत्येक घराण्यात असा एक पुरुष असतोच. पूर्वी त्याला माळा पुरायचा. आता त्याच्या हाती लॅपटॉप आला आहे.

अण्णा सांगलीच्या गावभागात राहतात. पावसाळ्यात तिथली माणसं घड्याळापेक्षा आयर्विन पुलाकडे जास्त वेळा बघतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि अण्णांच्या कपाटाचा लगदा झाला. ओसरल्यावर त्यांनी उरलेला प्रत्येक कागद स्कॅन करून घेतला आणि प्रत्येकाच्या तीन प्रती ठेवल्या : एक सी ड्राइव्हवर, एक डी ड्राइव्हवर, एक डेस्कटॉपवर. तिन्ही एकाच डिस्कच्या पोटात आहेत, हे मी सांगितलं.

"असू दे. मजले तर वेगळे आहेत ना?"

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. "अरे, पट्टी लाल झाली. धोक्याची पातळी ओलांडली. ये." मी कंदी पेढे घेऊन साताऱ्याहून निघालो.

पहिली तक्रार दुकानदाराची. डिस्क २५६ जीबीची सांगितली, पडद्यावर २३८ दिसते; १८ जीबी मारले म्हणे. मी समजावलं, की डिस्क बनवणारा जीबी हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या. माप तेवढंच, वजनकाटे दोन. अण्णांनी मान डोलावली, पण सोनाराकडे डोलावतात तशी.

आत शिरलो. 'नवीन', 'नवीन खरं', 'नवीन खरं शेवटचं' असे फोल्डर. एकाच पासबुकाच्या अकरा प्रती, कारण जुनी शोधण्यापेक्षा मेलमधून पुन्हा उतरवून घेणं सोपं. पण खरा फुगवटा कृष्णेसारखाच वरून आलेला होता. कोयनेतून सोडलेलं पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिसळतं आणि सांगलीत चढतं. तसे अण्णांचे मेव्हणे साताऱ्यात बसून विसर्ग करतात. कास पठाराला २०१२ मध्ये जागतिक वारसा मिळाला, तो मेव्हण्यांनी वैयक्तिक घेतला. दर सप्टेंबरला तेरड्याचे, सीतेच्या आसवांचे शेकडो फोटो, आणि वारा ऐकू यावा म्हणून व्हिडिओ. अण्णा एकूण एक उतरवून ठेवतात. पाठवणाऱ्याचा मान!

मग मी रिसायकल बिन उघडली. आत ४० जीबी.

"अण्णा, पुसलेलं इथे येऊन पडतं. ही रिकामी केल्याशिवाय जागा सुटत नाही."

"ते पेव आहे," अण्णा शांतपणे म्हणाले. "हरिपूरला जमिनीखाली पेवांत हळद ठेवायचे. वर्षानुवर्षं कीड लागायची नाही."

"२००५ च्या पुरात त्या पेवांतही पाणी शिरलं होतं."

अण्णा गप्प झाले. मला वाटलं, जिंकलो.

"म्हणून तर तीन प्रती," ते म्हणाले.

शेवटी तह झाला. प्रत्येक फोटो उघडायचा, अण्णांनी बघायचा, मगच मी पुसायचा. काकूंनी दोनदा चहा आणि एकदा भडंग पाठवलं. एका फोटोशी आम्ही थांबलो : अल्बमचं ओलं पान, वधूच्या जागी तपकिरी डाग, शेजारी कोवळे अण्णा. त्याच्या सात प्रती होत्या. काकूंनी मागून डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "मी नाहीच आहे त्यात." सातही ठेवल्या.

रात्री पट्टी निळी झाली. ६१ जीबी मोकळे. अण्णांनी ओसरलेल्या नदीकडे बघावं तसं पडद्याकडे पाहिलं आणि मला परतीच्या एसटीत बसवून दिलं.

कऱ्हाड मागे पडलं तेवढ्यात मेव्हण्यांचा फोन. "अरे, अण्णांचा निरोप आला, जागा झालीय म्हणून. कासचे मागच्या साली राहिलेले सोडतोय. आधी दोनशे सोडतो, मग बघू."