चंची टोमॅटोपासून लांब ठेवा

मँचेस्टर,
सप्टेंबरचा दुसरा रविवार

ती. अण्णा आणि सौ. आईस,


फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर टोमॅटोचा विषय निघाला की बोलता तुम्ही आणि ऐकतो आम्ही. मागच्या रविवारी मला मोबाईल झाडासमोर धरायला लावलात आणि मिरजेत खुर्चीवर बसून इथल्या झाडाची नाडी पाहिलीत. निदान काय, तर पाणी जास्त झालंय, माती हलकी आहे आणि तुझं लक्ष नाही. यातलं तिसरं निदान तुम्ही माझ्या दहावीपासून करत आला आहात. म्हणून हे लेखी. आईने मोठ्याने वाचावं, अण्णांनी मध्ये बोलू नये.

पहिला मुद्दा उन्हाचा. "दुपारी झाडांवर जुनं पातळ बांध" हा तुमचा सल्ला मिरजेच्या एप्रिलला शंभर टक्के लागू आहे. पारा पस्तिशीच्या वर गेला की फुलातले पराग निकामी होतात, फूल गळतं आणि आपण खताला शिव्या देतो. इथे मात्र ऊन पडलं की लोक ऑफिसातून सुट्टी काढतात. इथेही फूल गळतं, पण रात्रीच्या गारठ्याने; बारा-तेरा अंशांच्या खाली गेलं की फळ धरत नाही. त्यामुळे बी मार्चमध्ये घरातल्या खिडकीत पेरायचं आणि मेचा मध्य उलटेपर्यंत रोप बाहेर लावायचं नाही. त्याआधीही त्याला सवय करायची, म्हणजे दिवसा बाहेर, संध्याकाळी आत. ही ने-आण सूनबाईने मनापासून केली. तिचं म्हणणं, चिऊला पाळणाघरात घालतानासुद्धा आपण एवढे लाड केले नव्हते.

मातीचं तर सांगायलाच नको. कृष्णाकाठच्या माणसाने माती विकत आणावी, यापरतं अधःपतन नाही. इथे प्लास्टिकच्या पिशवीत बंद माती मिळते, पिशवीवर फोटो असतो आणि पिशवी आडवी टाकून, भोकं पाडून, त्यातच रोप लावतात. शेणखताऐवजी घोड्याची लीद. तीही डोळे झाकून घेता येत नाही. घोड्याने खाल्लेल्या गवतावर एका जातीचं तणनाशक मारलं असेल, तर ते पोटातून लिदीत, लिदीतून खतात जसंच्या तसं उतरतं आणि टोमॅटोची पानं नेच्यासारखी गुंडाळतात. सन 2008 च्या सुमारास इथल्या अनेक परसबागा अशा बसल्या होत्या. म्हणून लीद आणली की आधी एका कुंडीत चार घेवडे लावून बघायचे. घेवडा सरळ वाढला तर खत चांगलं.

जातीचं नाव मनीमेकर. इथली जुनी, नावाजलेली जात आहे. पिशव्या, काठ्या, पोटॅशचं खत यांचा हिशेब सूनबाईने मांडला तेव्हा पैसा कोण करतंय ते कळलं. जुलै 2023 मध्ये तिकडे टोमॅटो किलोला शंभरीपार गेला होता आणि तुम्ही परसातले चार टोमॅटो उघड्या पिशवीतून गल्लीभर मिरवले होते, ते आठवलं. आमचा एकेक टोमॅटो त्या भावालाही परवडत नाही.

आता एक दृश्य सांगतो, पण नातेवाइकांत पसरवू नका. टोमॅटोचे पराग फुलाच्या आत नळीत कोंडलेले असतात. मोठा भुंगा फुलाला लटकून पंखांचे स्नायू थरथरवतो, तेव्हा ते खाली झडतात. आमची झाडं काचेच्या खोपटात, तिथे भुंगा येत नाही. त्यामुळे रोज सकाळी अकराच्या सुमारास तुमची सूनबाई विजेवर चालणारा दात घासायचा ब्रश घेऊन बाहेर जाते, घोसाच्या देठाला पाठीमागून टेकवते, "घर्रर्र" होतं आणि पिवळी धूळ उडते. चिऊने शाळेत सांगितलं की माझी आई झाडांचे दात घासते. बाईंनी आम्हाला भेटायला बोलावलं. ब्रश कुणाचा, हा प्रश्न आईने विचारू नये. नवा आणलाय.

शेजारचे आजोबा भले गृहस्थ आहेत, पण कुंपणाला लागून बटाटा लावतात. टोमॅटो, बटाटा, वांगी, मिरची, तंबाखू ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी आणि भावकी म्हटली की बांधावरून दुखणं यायचंच. बटाट्यावरचा करपा ओल्या हवेत वाऱ्याबरोबर येतो आणि टोमॅटोची पानं चार दिवसांत काळी पाडतो. सन 1845 मध्ये आयर्लंडचा बटाटा याच करप्याने बसवला, लाखो माणसं उपासमारीने गेली. मिरजेत ऊन त्याला फार टिकू देत नाही. इथे त्याचं माहेर आहे. म्हणून जमिनीला टेकणारी पानं काढतो, बगलफूट खुडतो, पाणी फक्त बुंध्याशी घालतो. तुम्ही पाईपला बोट लावून झाडाला वरून अंघोळ घालता, ते कृपा करून बंद करा. पावसाळ्यात तरी.

आणि आता चंची. आई, हे जरा सावकाश वाच.

तुम्ही तंबाखू मळता, फक्की मारता, हात धोतराला पुसता आणि लगेच बगलफूट खुडायला बसता. तंबाखूवर मोझॅक नावाचा विषाणू असतो. पान वाळवलं, कुटलं, पुडीत भरलं तरी तो टिकतो आणि बोटांवरून थेट टोमॅटोच्या ताज्या जखमेत शिरतो. पानांवर फिकट-गडद हिरवे चट्टे पडतात, पान अरुंद होतं, फळ बारीक राहतं. गेल्या वर्षी चट्टे पडले तेव्हा तुम्ही शेजाऱ्यांची नजर लागली म्हणून काळी बाहुली टांगलीत. पानं नुसती आकसून चुरडली असती तर पांढऱ्या माशीचा बोकड्या म्हणून मी गप्प बसलो असतो. विषाणू ही चीज जगाला पहिल्यांदा कळली तीच मुळी तंबाखूच्या रोगट पानावरून, 1892 मध्ये रशियात इव्हानोव्स्कीला आणि 1898 मध्ये हॉलंडात बायेरिंकला. तंबाखूचं निपाणी आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, तरी मिरजेला अजून पत्ता नाही. झाडाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. रोपवाटिकेतले लोक तर हात दुधात बुडवतात, दुधाने हा विषाणू लुळा पडतो. आई, ते दूध अण्णांच्या चहातून कापून घे.

राहिला चुना. फळाचं बूड काळं पडलं की तुम्ही चंचीतली डबी उघडून बुंध्यात चुना घालता. बूड काळं पडतं ते फळाला चुन्याचा अंश पोचत नाही म्हणून, हे खरं. पण आपल्या काळ्या मातीत चुना मुळातच भरपूर आहे. तो फळापर्यंत वाहून न्यायला पाणी लागतं, तेही नियमित. तुम्ही चार दिवस कोरडं ठेवून पाचव्या दिवशी पूर आणता. एप्रिल 2016 मध्ये मिरजेने लातूरला आगगाडीने पाणी पाठवलं, पहिल्याच फेरीत पाच लाख लिटर, आणि रेल्वेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या परसात कुंडीला वेळेवर तांब्याभर मिळत नाही. एकूण, चंचीतली एकही वस्तू टोमॅटोच्या कामाची नाही.

आमच्या पिकाचं म्हणाल तर झाडं छातीएवढी, घोस भरगच्च आणि टोमॅटो हिरवेगार. ऊन संपलं, आता लाली चढणं कठीण. थोडे केळ्याबरोबर खोक्यात ठेवलेत, आपण आंब्याची अढी घालतो तसे. बाकीच्यांची इथले लोक साखर, व्हिनेगर, मनुका घालून तासन् तास रटरटवून चटणी करतात आणि नाताळापर्यंत बाटलीत ठेवतात. सूनबाईने हिरवे टोमॅटो, मिरच्या, लसूण तेलात परतून, शेंगदाणे आणि तीळ घालून खलबत्त्यात ठेचलं. आजोबांना वाटीभर दिली. त्यांनी एक घास खाल्ला, घरात जाऊन पाणी प्यायले आणि परत येऊन वाटी पुढे केली.

चिऊचा आजी-आजोबांना गोड पापा.

तुमचा,
बाळू

ता. क. मे महिन्यात याल तेव्हा परसातल्या टोमॅटोचं बी हळदीच्या डबीत लपवून आणायचा बेत आईने फोडला आहे. तसं करू नका. इथे टोमॅटोच्या बियांना रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. त्याऐवजी कांदा-लसूण मसाला आणा, दोन किलो. आजोबा विचारत होते.