खोकला आणि कोपर

आजाऱ्याला भेटायला येणारे लोक हात मोडलेल्याला फार काही सांगत नाहीत. प्लास्टर दिसतं, विषय संपतो. पण हाताच्या नसा गेल्या असतील तर हात बाहेरून धडधाकट दिसतो, आणि मग प्रत्येकाला सल्ला सुचतो. "थोडं वजन उचलत जा रे, नुसतं बसून काय होणार?" असं म्हणून मंडळी पोहे संपवतात.

माझा भाचा पुण्यात दुचाकीवरून पडला. गाडीला ओरखडा नाही. पण मान एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला ताणला गेला. मानेतून हाताच्या नसांची पाच मुळं निघतात, त्यांची जुडी काखेतून हातात उतरते. यातली वरची दोन मुळं उपटली गेली. बोटं हलत होती, पण खांदा उचलेना, कोपर वळेना.

तुटलेली नस पुन्हा वाढते, पण दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. मानेपासून निघाली तर दंडात पोचायला महिनोन्‌महिने, आणि तोवर स्नायू वाळून जायची भीती. म्हणून सर्जन शेजारची चालू नस उसनी घेतात. क्रिस्तोफ ओबर्लाँ या फ्रेंच सर्जनने १९९४ मध्ये मांडलेली युक्ती अशी, की मनगट-बोटांकडे जाणाऱ्या नसेतला एक धागा काढून दंडाच्या स्नायूला जोडायचा. काही महिन्यांनी मूठ आवळली की कोपर वळायला लागतं! भाच्याच्या खांद्यासाठीही अशीच उसनवारी, खांदे उडवायच्या नसेतून, म्हणून तिथला व्यायाम खांदे उडवण्याचा. माझ्या बहिणीने या पोराला "खांदे काय उडवतोस? तोंडाने बोल" असं आयुष्यभर सुनावलं, आता तीच समोर बसून "उडव, नीट उडव" म्हणते.

फिजिओकडे शेजारच्या टेबलावर एक काका असतात. त्यांच्या अख्ख्या हाताच्या नसा गेल्या होत्या, त्यामुळे त्यांना बरगड्यांमधल्या नसा जोडल्या आहेत. कोपर वाकवायचं तर त्यांनी दीर्घ श्वास घ्यायचा. दंडाचा स्नायू पहिल्यांदा हलला तो खोकताना. मेंदूला ही नवी व्यवस्था कळायला वेळ लागतो; कळली की श्वासाशिवायही हात वळतो. तोवर काका खोकले की फिजिओ मॅडम आनंदाने मान डोलावतात. खोकल्याचं इतकं कौतुक मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

ताकद मोजायची पट्टी ० ते ५ अशी. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती रूढ केली. स्नायूत नुसती फडफड झाली की १. हात आडवा ठेवून, म्हणजे त्याचं स्वतःचं ओझं न उचलता हलला तर २. ओझ्यासकट वर आला की ३. शाळेत याच भाच्याला ५ पैकी ३ मिळाले तेव्हा घरी भांडण झालं होतं. या ३ ला पेढे वाटले.

त्यातला २ चा मुक्काम लांबला. जेवणाच्या टेबलावर टाल्कम पावडर शिंपडायची, हात त्यावर आडवा ठेवायचा आणि कोपरातून मागेपुढे सरकवायचा. पावडरने घर्षण कमी होतं, एवढंच तिचं काम. पण तीन-चार वेळा सरकवून झालं की पोराच्या कपाळावर घाम. मॅडम तिथेच थांबवतात. नव्याने जागा झालेला स्नायू लवकर दमतो. दमल्यावर रेटला तर खांदा उंचावून, पाठ वाकवून चोरी सुरू होते आणि व्यायाम भलत्याच स्नायूला होतो. थोडा करायचा, दिवसातून अनेकदा करायचा. टेबल नीट पुसलं तरी वरणभाताला अजून गुलाबाचा वास येतो.

३ आले तसे रबरी पट्टे आणायचं ठरलं. त्यांचे रंग ताणानुसार: पिवळा हलका, मग लाल, हिरवा, निळा, काळा. भावोजी दुकानात गेले आणि थेट काळा घेऊन आले. म्हणे, पुढे लागणारच आहे, शिवाय मळत नाही. भाच्याने दोन्ही हातांनी ताणून पाहिला. पट्टा ढिम्म हलला नाही. मग त्याने वडिलांकडे बघून खांदे उडवले, आणि बहीण स्वयंपाकघरातून ओरडली, "दोन्ही सारखे उडव!"