पाच हजारांच्या आतली चोरी

मोटारसायकल चोरीला गेली तर गल्ली भेटायला येते. सायकल गेली तर लोक म्हणतात, "बरं झालं, आता तेवढंच चालणं होईल."

माझी बीडच्या सुभाष रोडवरून गेली. भर दुपारी, भर बाजारातून आणि कुलपासकट. मागच्या चाकाला असतं ते कडीचं कुलूप. एकाची किल्ली दुसऱ्याला लागते, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. शिवाय ते अडवतं फक्त चाक. सायकल उचलून नेणाऱ्याला त्याचं काय? काळी बावीस इंची सायकल भरते वीसेक किलो, आणि आपला जिल्हा उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढणाऱ्यांचा. त्यांनी नेली असं नव्हे. ते बिचारे दिवाळीपासून कारखान्यावर. फक्त वजनाची कल्पना यावी म्हणून सांगितलं.

1948च्या सप्टेंबरात मराठवाड्यातून निजामाचं राज्य गेलं आणि त्याच साली इटलीत व्हित्तोरिओ डी सिकाच्या सिनेमात एका गरिबाची सायकल गेली. राज्य गेल्याबद्दल आपण दरवर्षी झेंडा लावतो, पण जगभरचे सिनेमावाले अजून त्या सायकलीसाठीच हळहळतात. त्यातला पोलीसही 'तूच शोध' असंच सुचवतो. मात्र रोमच्या पोलिसाला जे सुचलं नाही, ते मी पोलीस ठाण्यात गेल्यावर आमच्या हवालदारांनी पहिल्याच दमात विचारलं.

"गुरुजी, किंमत किती हुती?"

प्रश्न वाटतो तेवढा सरळ नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. माल पाच हजारांच्या आतला असेल तर चोरी अदखलपात्र. चोर पहिल्यांदाच दोषी ठरला आणि त्यानं माल परत केला, तर शिक्षा समाजसेवेची. आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर आधीच इतके समाजसेवक आहेत की त्यात आणखी एकाची भर पडली तर कळायचंही नाही.

त्यात गंमत अशी की राज्याचा मानव विकास कार्यक्रम मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी देतो बरोब्बर 5000 रुपये. सायकल दुकानातून निघते तेव्हा दखलपात्र असते; घरी पोचेपर्यंत दोन रुपयांचा घसारा धरला की अदखलपात्र.

मी छाती पुढं काढून सांगितलं, "सहा हजार."

"बिल?"

बिलावर छत्तीसशे होते. हवालदारांनी बिल उलटं करून पाहिलं, मागं किराण्याची यादी होती. "एनसी घेतो," ते म्हणाले. "पण कामून एवढं मनाला लावून घेता? जुनीच हुती ना?"

त्यानंतर उपाय सांगणाऱ्यांची रीघ लागली. साखळी घे, चाक आणि सांगाडा दोन्ही खांबाला बांध, हा एकच शहाणपणाचा सल्ला. तो कुणीच पाळत नाही, कारण आपल्या बाजारात ज्या खांबाला सायकल बांधावी तो आधीच भेळेच्या गाड्यानं धरलेला असतो. शेजारचे नाना म्हणाले, व्हॉल काढून खिशात ठेवायचा. हवा गेली की चोर बसणार कसा? बसत नाही, खरंय. पण चपट्या टायरची सायकल ढकलत जाणाऱ्याला आपल्याकडे कुणी अडवत नाही. उलट "पुढं डाव्या हाताला पंक्चरचं दुकान हाय, लवकर जा, जेवायला जाईल त्यो," असं कळवळून सांगतात.

आमच्या बीडच्या कंकालेश्वराचं बरं आहे. त्याचं देऊळच तळ्याच्या मध्यात, चोराला आधी पाणी पार करावं लागतं. आमच्या सायकली काठावर.

आणि मग एक दिवस ठाण्यातून फोन आला. आवारात मुद्देमालाच्या सायकली एकीवर एक रचलेल्या. दोन पोरांनी वरच्या चार बाजूला केल्या तेव्हा खाली माझी दिसली. सीटखालच्या नळीवरचा नंबर खरवडून बिलाशी ताडून पाहिला, जुळला. पण सायकल ओळखू येईना. चोरानं ब्रेकला नवे रबर बसवले होते, चेनला तेल दिलं होतं, माझी वर्षानुवर्षं मुकी असलेली घंटी वाजत होती. सीट तर कोरं, स्पंजचं.

"साहेब," मी म्हणालो, "सायकल माझी, पण हे सीट त्याचं आहे. काढून ठेवू का?"

हवालदारांनी सीट दाबून पाहिलं आणि वही पुढं ओढली.

"सीटची किंमत किती धरायची, गुरुजी?"