मुदतवाले आप्पा

आप्पांना काहीही सांगा, पहिला प्रश्न ठरलेला: "कधीची खबर?" धुळ्याहून शिरपूरकडे जाताना लागणारं सोनगीर हे तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. इथे हंडा घेतला की नातवंडांपर्यंतचा विचार. अशा गावात हा माणूस मिनिटांत बोलतो.

कारण स्क्विड. आप्पांच्या क्लासात इंटरनेटची लाइन एक, पोरं पंधरा, म्हणून त्यांनी मधे हा प्रॉक्सी बसवला. एकाने उघडलेलं पान तो ठेवून घेतो आणि दुसऱ्याने मागितलं की तेच काढून देतो. किती वेळ ठेवायचं ते एका ओळीत लिहायचं: किमान मिनिटं, टक्के, कमाल मिनिटं. या ओळीने आप्पांचं डोकं फिरलं, की डोकं आधीच तसं होतं आणि ओळ उशिरा भेटली, कोण जाणे.

टक्क्यांवर त्यांचा भारी जीव. पानावर मुदत लिहिलेली नसेल तर स्क्विड त्याचं वय बघतो. २० टक्के लावले आणि पान दहा दिवसांत बदललेलं नसलं, की ते आणखी दोन दिवस ताजं. आप्पा हा हिशेब माणसांनाही लावतात. नवा जावई रोज तपासायचा, सासऱ्याकडे महिन्याने बघितलं तरी चालतं. एका पोराने सोनगीरच्या किल्ल्याकडे बोट दाखवलं. "मंग त्याले किती वर्सं?"

"कमाल ४३२० मिनिटं," आप्पा गंभीरपणे म्हणाले. "तीन दिवस. त्यापुढे किल्ल्याचाही भरवसा नाही."

निकालाच्या दिवशी लाइन वाचवायला आप्पांनी किमान आकडा १४४० केला. वर 'ओव्हरराइड एक्स्पायर' जोडलं, म्हणजे साइटने सांगितलेली मुदत धाब्यावर, आप्पांची खरी. पोरं रिफ्रेश बडवणार हे ओळखून 'इग्नोर रीलोड'ही लावलं. गावात पेढे वाटून झाले, तरी क्लासात 'निकाल लवकरच' हलेना.

"आप्पा, निकाल लागना का?"

आप्पांनी लॉग दाखवला. ओळीमागून ओळ, हिट, हिट, हिट. एवढा सुंदर लॉग त्यांना पुन्हा कधी मिळाला नाही. पोरं गेली ती मोबाइलवाल्याकडे.

आता बहुतेक साइटी एचटीटीपीएसच्या कुलपात येतात, प्रॉक्सीला आतलं दिसत नाही. मग आप्पा फ्रीजकडे वळले. डब्याडब्यावर चिठ्ठी आहे. डाळीच्या चिठ्ठीवर 'किमान ०, कमाल १४४०' असं लिहिलंय, आणि त्याच्याखाली काकूंनी दूधवाल्याचा हिशेब मांडलाय.