उसाच्या ट्रॉलीला टायर कसे निवडावेत : वाहतूकदारांसाठी सप्रमाण मार्गदर्शन

पूर्वतयारी : टायर बघायला जावे ते कारखान्याचा बॉयलर पेटल्यावरच. उन्हाळ्यात गेल्यास दुकानदार निवांत सापडतो, चार प्रकार दाखवतो आणि गिऱ्हाइकाला विनाकारण विचार करावा लागतो.

१. वजन : भरल्या ट्रॉलीच्या काटापावतीवरचे वजन भागिले चाके, म्हणजे एका टायरवरचा अंदाजे भार. टायर किती भार पेलतो, ते त्याच्या कडेवर किलोत छापलेले असते. दोन्ही आकडे शेजारी ठेवू नयेत, झोप उडते. शिवाय काटा मारला जातो यावर गावाचे एकमत असते, त्यामुळे पावती टायरला दाखवून उपयोग नाही. खरे वजन त्या एकट्यालाच कळते आणि त्याने मत मांडले की चौकापर्यंत ऐकू जाते.

२. प्लाय : ‘सोळा प्लाय’ म्हणजे आत सोळा थर, असे छातीठोक सांगावे. हल्ली तो आकडा थरांचा नसून ताकदीच्या श्रेणीचा असतो, हे चारचौघांत बोलू नये.

३. वय : कडेवर चार आकड्यांचा शिक्का असतो. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. हंगाम संपला की ट्रॉली बांधावर ऊन खात उभी राहते आणि नक्षी शाबूत असतानाच कडेला भेगा पडतात. म्हणून निरीक्षण फक्त नक्षीचे करावे. रिमोल्ड घेतल्यास नक्षी यंदाची मिळते. सांगाड्याच्या जन्मसालाची चौकशी असभ्य समजली जाते.

४. हवा : ती टायर थंड असताना गेजने मोजतात. आपण टॉमीने ठोकून आवाज ऐकावा आणि ‘बास हाय’ म्हणावे. हवा कमी असली की टायरची कडा प्रत्येक फेऱ्याला दबते, सुटते, तापते आणि शेवटी फुटते. मग दोष रस्त्याला द्यावा.

५. उधारी : वाहतुकीचे बिल निघेपर्यंत जो दुकानदार थांबतो, त्याच्या दुकानात असेल तो टायर सर्वोत्तम. या कलमापुढे वरील चारही कलमे रद्द समजावीत.

जुन्या टायरांची विल्हेवाट : त्यातला बरा स्टेपनी म्हणून ठेवावा. बाकीचे मुरघासाच्या खड्ड्यावर, ताडपत्री दाबायला टाकावेत. तिथे वजन पेलायचे नसते, नुसते द्यायचे असते. आणि बत्तिसावा आठवडा कुठल्या सालचा, हे म्हैस विचारत नाही.