कापूस, अमावस्या आणि फॉर्म ८८४३

आयकर ही वऱ्हाडात नोकरदारांना होणारी व्याधी आहे. शेतकऱ्याला ती होत नाही, कारण आयकर कायद्याने शेतीचं उत्पन्न करमुक्त ठेवलंय. कापसाचा एकूण ताळेबंद बघता कायद्याने ही तसदी घेतली नसती तरी फारसं बिघडलं नसतं. अकोटकडे वावर असलेल्या माझ्या भाटव्यांच्या, म्हणजे ताईच्या यजमानांच्या, घरात तीन पिढ्यांत कुणी रिटर्न भरलेलं नाही. पॅन कार्ड आहे, पण ते बँकेने मागितलं म्हणून.

अशा घरातलं पोट्टं अमरावतीत इंजिनियर झालं आणि एमएस करायला अमेरिकेला गेलं. दोनेक महिन्यांत त्याचा मला फोन आला. मलाच, कारण मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालो आहे आणि कागदाला न भिणारा गोतावळ्यातला एकमेव माणूस अशी माझी ख्याती आहे.

"मामाजी, इथं टॅक्सचा फॉर्म भरा म्हणून राह्यले. मी तं अजून एक डॉलर कमावला नाई!"

"मंग फॉर्म कायचा बे?"

"कमावलं नाई, त्याचाच."

तो फॉर्म ८८४३. एफ-१ विसावरच्या विद्यार्थ्याने आणि जे-१वर गेलेल्या पाहुण्या संशोधकाने, कमाई असो वा नसो, तो भरायचा असतो. त्यातून कर निघत नाही. मी इथे राहिलो खरा, पण माझे दिवस मोजू नका, अशी ती विनंती. कमाई नसलेल्याला मुदत १५ जूनपर्यंत, म्हणजे आपल्याकडे मृग लागून लोक आभाळाकडे बघत असतात तेव्हा. बरं, एकट्याने भरून भागत नाही. आमच्या शेजारच्या आजींचा जावई जे-१वर गेला, सोबत बायको आणि आठ महिन्यांचं लेकरू. तिघांचे तीन फॉर्म. आजींनी पदर तोंडाला लावला. "माय वं! दात नाई आले अजून, अन् त्याले हिशोब मांगतला?"

आता दिवस मोजू नका म्हणजे काय, तर अमेरिका परक्या माणसाला करापुरता रहिवासी धरते ती १८३ दिवसांच्या हिशोबाने. यंदाचे सगळे दिवस, गेल्या वर्षीच्या दिवसांचा तिसरा हिस्सा आणि त्याआधीच्या वर्षाचा सहावा. मी पावकी, निमकी, पाऊणकी, सगळं पाठ केलेला माणूस, पण सहाव्या हिश्श्याचा पाढा आमच्या मास्तरांनी घेतला नव्हता. सुदैवाने विद्यार्थ्याला पहिली पाच कॅलेंडर वर्षं या मोजणीतून सूट आहे.

घोळ झाला तो इथेच. भाच्याचं सत्र जानेवारीत सुरू होणार होतं. पण २ जानेवारी २०२२ला अमावस्या. ताईने पंचांग काढलं आणि पोराला डिसेंबरातच विमानात बसवलं. तो २९ तारखेला उतरला. अमेरिकेचा कायदा असा की, वर्षातला एक दिवस जरी तिथे काढला तरी पाचातलं एक अख्खं वर्ष खर्ची पडतं. तीन दिवसांत २०२१ साल संपलं! अमावस्या टळली, वर्ष गेलं. हे मी ताईला अद्याप सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

त्या तीन दिवसांचा फॉर्म लिफाफ्यात घालून टेक्सासमधल्या ऑस्टिनला टपालाने गेला.

"पोच घेतली का?" मी विचारलं.

"पोच देत नाईत, मामाजी."

"आवक क्रमांक?"

"नाई."

"शिक्का तरी?"

तोही नाही. पोच न देता एवढा मोठा देश चालतो कसा, हे मला आजतागायत समजलेलं नाही. आमच्या कार्यालयात पोच नसलेला कागद हा लिहिलाच गेला नव्हता असं धरत.

पुढे तो कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांच्या मर्यादेत काम करू लागला आणि १०४०-एनआर, म्हणजे अरहिवाशांचं रिटर्न, भरायची वेळ आली. रूमवरच्या पोरांनी रहिवाशांचा साधा १०४० भरून शिक्षणाची सवलत उचलली होती, परतावा हजार डॉलरने फुगला होता. भाच्यालाही मोह झाला. मी म्हटलं, "लेखापरीक्षणात वसुली निघते. व्याजासकट." या वाक्याने मी नोकरीत भल्याभल्यांना सरळ केलंय.

त्याने १०४०-एनआरच भरला, आणि सचोटीचं फळ मिळालं. १२ सप्टेंबर १९८९ला भारत-अमेरिकेत झालेल्या कर कराराच्या कलम २१(२)मुळे भारतीय विद्यार्थ्याला तिथल्या रहिवाशासारखी प्रमाणित वजावट मिळते. २०२२ सालासाठी ती १२,९५० डॉलर होती. त्याची कमाई तिच्या आतच, म्हणजे कापलेला केंद्राचा आयकर सगळा परत. ही वजावट दुसऱ्या कुठल्याही देशाच्या विद्यार्थ्याला नाही. भाटव्यांनी विचारलं, "चीनच्याले बी नाई?" त्यांना वेगळी सूट आहे, पाच हजार डॉलरची, असं मी सांगितलं. भाटव्यांनी दोन्ही आकड्यांची मनात वजाबाकी केली आणि त्या संध्याकाळी पारावर चीनचा विषय काढला.

यंदा मात्र पाच वर्षं संपली. २०२६पासून पोरगा तिकडचा रहिवासी, आणि रहिवाशाने जगभरातलं उत्पन्न दाखवायचं असतं. आजोबांनी मरण्याआधी तीन एकर नातवाच्या नावे केले होते, सातबाऱ्यावर नाव आहे. इथे करमुक्त असलेला तो कापूस आता अमेरिकेच्या हिशोबात जाणार. ही बातमी द्यायला मी मुद्दाम अकोटला गेलो. भाटवे खवळतील, सातबाऱ्यावरून नाव काढा म्हणतील, अशी तयारी ठेवून.

भाटव्यांनी शांतपणे ऐकलं. मग फडताळातून एक वही काढली. बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणीची मजुरी, बोंडअळीनं खाल्लेलं, पावसानं भिजवलेलं, सगळं तारखेवार.

"दाखव म्हणा त्याले," ते म्हणाले. "एक पैसा लपवू नोको म्हणा. अन् हिशोबाअंती अमेरिकेकडं आपलंच काई निघत असंल, तं मांगून घे म्हणा."